चाकणच्या गेटवेवर 'डबल फ्री ऑर करप्शन', टेबलावर मात्र व्हॅलग्रिंड स्वच्छ

भोसरी_गेटवे

डेमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) सी++ मधला, एकच थ्रेड. बोर्ड ६४-बिट आर्म, चार कॉर्टेक्स-ए५३, १ जीबी रॅम, जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी, मेमरी वाटणारा मॅलॉक हिच्यातलाच) २.३५. काम साधं आहे. चाकणच्या कारखान्यात पीएलसी (यंत्रं चालवणारा कंट्रोलर) आणि ऊर्जामीटर यांच्यातलं मॉडबस आरटीयू (कारखान्यांतला सिरियल प्रोटोकॉल) संभाषण आरएस-४८५ लाइनवर नुसतं ऐकायचं (स्वतः काही बोलायचं नाही), रजिस्टरमधले आकडे काढायचे आणि एमक्यूटीटीने (नेटवर्कवर संदेश पाठवायचा प्रोटोकॉल) पुढे ढकलायचे. लाइन ९६०० बॉडची. नेटवर्क गेलं की आकडे एसडी कार्डावरच्या एसक्यूलाइटमध्ये साठतात. सिरियल पोर्ट वाचणारी लायब्ररी दुसऱ्या टीमची, आमच्याकडे फक्त .एसओ फाइल (कंपाइल केलेली, सोर्स नाही) आणि हेडर.

लक्षणं अशी:

- बहुतेक वेळा 'डबल फ्री ऑर करप्शन (आउट)', कधीतरी 'मॅलॉक(): करप्टेड टॉप साइझ'. दोन्हीत सिगअबॉर्ट.
- बॅकट्रेस दर वेळी वेगळा. कधी एमक्यूटीटीची स्ट्रिंग, कधी एसक्यूलाइटच्या पोटात, कधी लॉगर.
- प्रिंट टाकले की क्रॅशची जागा हलते. ऑप्टिमायझेशन बंद केलं की दिसतच नाही.
- टेबलावर सिम्युलेटर लावून व्हॅलग्रिंडखाली (मेमरीच्या चुका पकडणारं टूल) रात्रभर चालवलं, एकही चूक नाही.

आमच्या कोडमधले सगळे डिलीट तपासून झाले, डबल फ्री कुठेच नाही. कारखान्यातले मेंटेनन्सवाले म्हणतात व्होल्टेज वरखाली होतं, रॅम गेली असेल. धरायचं कुठून?

---

नल_स्टॉप

डबल फ्री शोधणं आधी थांबवा. त्या मेसेजमध्ये कंसातला शब्द वाचायचा असतो. 'फ्री(): डबल फ्री डिटेक्टेड इन टीकॅश २' किंवा कंसात 'फास्टटॉप' असतं तर तोच पॉइंटर दोनदा सोडलाय असं म्हणता आलं असतं. 'आउट'चा अर्थ एवढाच की जीलिबसीने सोडायच्या ब्लॉकचा साइझ वाचला, त्यावरून पुढचा ब्लॉक कुठे असेल ते मोजलं, आणि उत्तर हीपच्या (मॅलॉक जिथून ब्लॉक देतो त्या मेमरीच्या) टोकाच्याही पलीकडे आलं. म्हणजे साइझचा आकडा कोणीतरी चिरडलाय. 'करप्टेड टॉप साइझ' ही तीच तक्रार, फक्त त्या वेळी शेजारी ब्लॉकऐवजी हीपचं शेवटचं मोकळं टोक होतं. दोन बग नाहीत, एकच आहे.

६४-बिट जीलिबसीत प्रत्येक ब्लॉकच्या लगेच आधीच्या ८ बाइटांत त्याचा साइझ असतो. मागच्या ब्लॉकने हद्द ओलांडली की पहिला मार त्या ८ बाइटांना. पण हे उघडकीला येतं ते मार खाल्लेला ब्लॉक फ्री होताना, किंवा टॉपमधून नवा तुकडा कापताना. तोवर काही मिनिटंही गेलेली असतात. बॅकट्रेसमध्ये दिसतो तो मार खाणारा. एमक्यूटीटी, एसक्यूलाइट, लॉगर हे तिघेही निर्दोष असण्याचीच शक्यता जास्त.

ज्याने हद्द ओलांडली तो स्वतः फ्री होताना का पकडला जात नाही? टीकॅशमुळे. २.२६ पासून १०३२ बाइटांपर्यंतचे ब्लॉक फ्री झाले की प्रत्येक मापाचे ७ पर्यंत या टीकॅशमध्ये ठेवले जातात, आणि तिथे ठेवताना पुढच्या शेजाऱ्याचा साइझ कोणी बघत नाही. जीलिबसी_ट्यूनेबल्समध्ये टीकॅश_काउंट=० दिलं तर बोंब बरीच लवकर उठते. फुकटचा उपाय आहे, आजच लावा. मॅलॉक_चेक_=३ सुद्धा चालेल, पण जीलिबसी २.३४ पासून तो नुसता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवून चालत नाही, मॅलॉक डीबगची वेगळी .एसओ एलडी_प्रीलोडने चढवावी लागते. तुमच्या २.३५ वर प्रीलोड न करता लावलंत तर काहीच होणार नाही आणि तुम्ही समजाल हीप ठीक आहे.

आता मुख्य गोष्ट. कोअर (क्रॅशच्या क्षणाची मेमरी साठवलेली फाइल) आहे ना? नसेल तर सर्व्हिस फाइलमध्ये लिमिटकोअर=इन्फिनिटी, आणि कोअर_पॅटर्नला जागा असलेल्या पार्टिशनचा पत्ता. मग जीडीबीत (डीबगर) इंट_फ्रीच्या फ्रेमवर जा, सोडायच्या ब्लॉकचा पत्ता घ्या, त्याच्या ४०० बाइट आधीपासून ६४ बाइट नंतरपर्यंतची मेमरी हेक्समध्ये काढा आणि इथे टाका. बॅकट्रेस नको, बाइट हवेत.

---

सदाशिव_स्टॅक

रॅमचा मुद्दा दोन ओळीत संपवतो. रॅम बिघडली की सहसा एखादा बिट उलटतो आणि बहुधा त्याच फिजिकल पत्त्यावर पुन्हा उलटतो. साइझ हेक्स ११० असायचा तो ९१० झाला, म्हणजे एकच बिट फिरला, तर मेमटेस्टर चालवा. सलग आठ बाइट वेगळे असतील तर ते कोणीतरी लिहिलेत. शिवाय हा क्रॅश एकापेक्षा जास्त बोर्डांवर होत असेल तर चर्चाच संपली.

---

भोसरी_गेटवे

होतोय, सगळ्याच बोर्डांवर. डंप काढला. मार खाल्लेल्या ब्लॉकचे साइझचे ८ बाइट, मेमरीतल्या क्रमाने:

११ ०३ ०० ६बी ०० ०३ ७६ ८७

आणि त्या ब्लॉकच्या डेटातले पहिले ११:

११ ०३ ०६ एई ४१ ५६ ५२ ४३ ४० ४९ एडी

त्यापुढे एमक्यूटीटीच्या टॉपिकची उरलेली अक्षरं व्यवस्थित दिसतात. मागे चाळत गेलो तर बरोबर २७२ बाइट आधी हेक्स १११ असा आकडा आहे, तो मागच्या ब्लॉकचा साइझ असावा. मला हा सगळा कचराच वाटतोय.

---

कोथरूड_कर्नल

कचरा नाही, हे तुमचंच मॉडबस आहे.

पहिले आठ बाइट: स्लेव्ह हेक्स ११ म्हणजे १७ नंबरचा मीटर, फंक्शन ०३, सुरुवात हेक्स ००६बी म्हणजे १०७, रजिस्टर ३, शेवटी सीआरसी (फ्रेम बिघडली का ते सांगणारा तपासणीचा आकडा). वाचनाची विनंती ०३ फंक्शनला नेमकी ८ बाइटांचीच असते. पुढचे अकरा: तोच स्लेव्ह, तेच फंक्शन, बाइटसंख्या ०६ म्हणजे ३ रजिस्टर, सहा बाइट डेटा, दोन बाइट सीआरसी. विनंतीत तीन मागितली, उत्तरात तीन आली. पीएलसीचा प्रश्न आणि मीटरचं उत्तर एकाला एक चिकटून तुमच्या हीपवर पडलेत, आणि लिखाण उत्तराच्या शेवटच्या बाइटला थांबलंय.

आता मागचा ब्लॉक. हेक्स १११ मधला शेवटचा १ हा 'मागचा ब्लॉक वापरात आहे' असं सांगणारा बिट. तो काढला की ११०, म्हणजे २७२. एवढा ब्लॉक मिळतो २४९ ते २६४ बाइट मागितले की. मॉडबस आरटीयूची कमाल फ्रेम २५६ बाइटांची. तेव्हा कोणीतरी २५६ चा बफर घेतलाय आणि त्यात २८३ वा बाइट लिहिलाय (२६४ अधिक १९). २५६ च्या पुढचे पहिले ८ बाइट ब्लॉकच्या शिल्लक जागेत पडतात, त्याने कोणाचंच बिघडत नाही. म्हणून ओव्हररन आठच्या आत राहिला की काहीच दिसत नाही, आणि क्रॅश होतो त्यापेक्षा प्रत्यक्ष चूक कितीतरी जास्त वेळा घडत असणार.

संशय त्या सिरियल लायब्ररीवर. बहुधा रीड करताना पत्ता 'बफर अधिक आधीची लांबी' असा दिलाय, पण किती वाचायचे तिथे उरलेली जागा न देता सरळ २५६ ठेवलेत. सोर्स न बघता मी एवढं छातीठोक सांगू नये, पण डंप तेच ओरडून सांगतोय.

एक प्रश्न: क्रॅश नेटवर्क गेल्यानंतर थोड्या वेळाने होतो का?

---

बाइट_वाडा

पत्ता ठरलेला असेल तर सरळ हार्डवेअर वॉचपॉइंट (त्या पत्त्यावर लिखाण झालं की प्रोग्रॅम थांबवणारा) लावा ना. एएसएलआर (दर वेळी पत्ते बदलणारी सोय) बंद करायचं (सेटआर्चला आर पर्याय), हीपची मांडणी दर वेळी सारखी येते, त्या साइझच्या ८ बाइटांवर जीडीबीचा वॉच. लिहिणारा जागीच सापडतो. एक्स८६ वर असे चार मिळतात.

---

कोथरूड_कर्नल

एरवी हाच सल्ला दिला असता, इथे मात्र फसाल. इथे लिहिणारा तुमचा प्रोसेस नाही, रीड सिस्टिम कॉलमध्ये कर्नल त्या बफरमध्ये बाइट कॉपी करतो. जीडीबीने पीट्रेसमधून लावलेला हार्डवेअर वॉचपॉइंट फक्त यूजर मोडमधल्या लिखाणावर पेटतो, एक्स८६ आणि आर्म६४ दोन्हीवर. कर्नलने लिहिलं तर तो गप्प बसतो आणि तुम्ही निष्कर्ष काढता की इथे कोणी लिहिलंच नाही. रीड, रेसिव्ह, आयओसीटीएल, सगळ्यांना हे लागू.

वॉचच हवा असेल तर आरआरमध्ये (प्रोग्रॅमचं चालणं नोंदवून पुढे-मागे पुन्हा चालवणारा डीबगर) रेकॉर्ड करा. रिप्ले करताना सिस्टिम कॉलने बदललेली मेमरीही तो वॉचपॉइंटला कळवतो. क्रॅशपाशी जायचं, साइझच्या पत्त्यावर वॉच लावायचा आणि रिव्हर्स-कंटिन्यू. मागे मागे येत थेट त्या रीडवर थांबतो. पण आरआरला प्रोसेसरचे परफॉर्मन्स काउंटर लागतात, तेव्हा क्लाउडवरच्या व्हीएममध्ये बऱ्याचदा चालत नाही. एक्स८६ बिल्ड लॅपटॉपवर करा, ए५३ च्या नादी लागू नका. पर्फ_इव्हेंट_पॅरानॉइड १ किंवा खाली हवं.

---

नल_स्टॉप

व्हॅलग्रिंड स्वच्छ का आलं हेही सांगून ठेवतो, कारण 'व्हॅलग्रिंड पास' म्हणून फाइल बंद करणारे पुष्कळ.

मेमचेक (व्हॅलग्रिंडमधला मेमरी तपासणारा भाग) रीड कॉलच्या आधीच तपासतो की दिलेल्या पत्त्यापासून मागितलेले सगळे बाइट तुमच्या मालकीचे आहेत का. किती आले याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणजे बफरमध्ये आधीचा एक बाइट जरी पडलेला असेल आणि पुढे २५६ मागितले तरी तो लगेच 'रीड(बफ) पॉइंट्स टू अनअ‍ॅड्रेसेबल बाइट्स' म्हणून ओरडतो. तुमच्याकडे ओरडला नाही, कारण सिम्युलेटर पीटीवायवर (आभासी सिरियल पोर्ट) अख्खी फ्रेम एका राइटमध्ये देतो. फ्रेम पूर्ण, शिल्लक लांबी शून्य, पुढचं रीड पुन्हा बफरच्या सुरुवातीपासून. चुकीची वाट कधी चाललीच नाही. खऱ्या ९६०० च्या लाइनवर बाइट ठिबकत येतात, तिथे ती वाट सतत चालते.

अ‍ॅड्रेस सॅनिटायझरचं (बिल्ड करताना कम्पायलरने बसवलेली मेमरीची तपासणी) उलट. त्याचा रीडवरचा पहारा कॉल परत आल्यावर बघतो, आणि जेवढे बाइट खरोखर आले तेवढेच तपासतो. त्यामुळे प्रत्यक्ष ओव्हररन घडेपर्यंत तो बोलणार नाही. या एका बगसाठी हळू असलेलं व्हॅलग्रिंडच आधी पकडतं.

तेव्हा टेबलावर असं करा. सोकॅटने दोन पीटीवाय जोडा, एका टोकाला डेमन, दुसऱ्या टोकाला फ्रेम ओतणारी छोटी स्क्रिप्ट.

पहिली चाचणी, व्हॅलग्रिंडखाली: प्रत्येक फ्रेमचे तुकडे करा. ३ बाइट पाठवा, २० मिलिसेकंद थांबा, मग उरलेले. वरचा अंदाज बरोबर असेल तर पहिल्याच फ्रेमला मेसेज येईल.

दुसरी, सॅनिटायझरच्या बिल्डवर: स्क्रिप्ट चालू ठेवा आणि डेमनला किल -स्टॉप द्या. दोन सेकंदांनी किल -कॉन्ट. मधल्या वेळात बाइट टीटीवायच्या बफरमध्ये साचतात (तो ४०९६ बाइटांचा असतो) आणि जाग आल्यावर एकदम अंगावर येतात. कारखान्यात जे नशिबाने घडतं ते इथे हुकमी घडतं.

सॅनिटायझर १ जीबीच्या बोर्डावरही बसतो. डेमन ओ१ आणि जी या पर्यायांनी, फ्रेम पॉइंटर ठेवून बिल्ड करा. एसॅन_ऑप्शन्समध्ये क्वारंटाइन_साइझ_एमबी=१६ द्या, कारण मूळ मर्यादा २५६ एमबीची आहे आणि फ्री केलेली मेमरी तो तेवढी अडकवून ठेवतो. डिटेक्ट_लीक्स=०, आणि लॉग_पाथ नक्की द्या, नाहीतर डेमनचा एसटीडीएरर कुठे गेला ते शोधत बसाल. वेग साधारण निम्मा होतो, ९६०० बॉडला त्याने फरक पडत नाही.

लायब्ररीचा सोर्स नाही म्हणून अडू नका. मॅलॉक आणि रीड दोन्ही सॅनिटायझर आपल्या ताब्यात घेतो, त्यामुळे .एसओ जुनीच असली तरी तिने मागितलेल्या बफरभोवती पहारा बसतो आणि तिच्या रीडवरही. सुटेल ते फक्त लायब्ररीने स्वतःच्या लूपमध्ये बाइट बाइट करून केलेलं लिखाण. एकाच स्ट्रक्टमधल्या एका अ‍ॅरेतून शेजारच्या मेंबरवर सांडलेलं तर त्याला पूर्ण बिल्डमध्येही दिसत नाही.

---

भोसरी_गेटवे

दोन्ही चाचण्या लागू पडल्या. तुकडे केल्यावर व्हॅलग्रिंड पहिल्याच फ्रेमला बोललं. स्टॉप-कॉन्टवर सॅनिटायझरने 'हीप-बफर-ओव्हरफ्लो' दिला, २५६ बाइटांच्या ब्लॉकच्या ० बाइट उजवीकडे, आणि स्टॅकमध्ये लायब्ररीतल्या वाचणाऱ्या फंक्शनचं नाव. त्या टीमकडून ती ओळ मिळाली: रीड(एफडी, बफ + लेन, साइझऑफ फ्रेम), आणि तिथे फ्रेमचा साइझ २५६.

आणि हो, क्रॅश नेटवर्क गेल्यानंतरच येतात. ते कसं ओळखलंत? दुसरं, त्यांचं म्हणणं आहे की बफर १०२४ चा केला की झालं. चालेल?

---

कोथरूड_कर्नल

नेटवर्क गेलं की तुम्ही एसडी कार्डावर लिहायला लागता, त्याच थ्रेडवर. एसक्यूलाइटच्या प्रत्येक कमिटला एफसिंक (डेटा कार्डावर उतरेपर्यंत थांबणारा कॉल), आणि स्वस्त एसडी कार्ड आतली झाडलोट करत असेल तर एफसिंक काही शे मिलिसेकंद अडकतो. मॉडबसच्या ११ बिटांच्या कॅरेक्टरने ९६०० ला सेकंदाला ८७२ बाइट जास्तीत जास्त. २८० बाइट साचायला ०.३ सेकंदांच्या आसपास पुरे, मधली शांतता धरली तर थोडं अधिक. गणित तिथेच जुळत होतं.

१०२४ नाही चालणार. बग तसाच राहतो, फक्त उजेडात यायला जास्त वेळ लागतो. लाइनवर गोंगाट आला आणि सीआरसी जुळणारी फ्रेम सापडलीच नाही तर लेन वाढतच जातो, मग बफर कितीचाही असो. रीडला 'क्षमता वजा लेन' द्या, आणि ती शून्य झाली तर रीड करू नका (शून्य मागितलं की शून्य परत येतं, त्याला लोक पोर्ट बंद झालं समजून पुन्हा उघडतात).

खरी गोम पुढे आहे. लायब्ररी ३.५ कॅरेक्टरच्या शांततेवरून फ्रेम तोडत असणार. ९६०० ला ती शांतता ४ मिलिसेकंदांची, १९२०० च्या वर सरसकट १.७५. यूजरस्पेसमधून लिनक्सवर हे मोजणं भरवशाचं नाही, आणि टर्मिऑसचा व्हीटाइम (सिरियल पोर्टचा टाइमआउट) तर ०.१ सेकंदाच्या पायरीने चालतो. ऐकणाऱ्याने लांबी आणि सीआरसी यांवरूनच तोडायचं. ०३ साठी दोन शक्यता: ८ बाइटांची विनंती, किंवा तिसरा बाइट अधिक ५ एवढं उत्तर. दोन्ही लांबींना सीआरसी काढा, जुळेल ती फ्रेम. पुरेसे बाइट असून एकही जुळली नाही तर एक बाइट सरका आणि पुन्हा. एका रीडमध्ये आलेल्या सगळ्या फ्रेम लूपमध्ये संपवा, एक काढून उरलेल्या पुढच्या वेळेवर ढकलू नका. आणि एसक्यूलाइट वेगळ्या थ्रेडवर न्या. त्याने बग सुटणार नाही, पण आकडे गळायचे थांबतील.

त्या टीमला लायब्ररी _फॉर्टिफाय_सोर्स=३ ने (बफरची हद्द तपासणारा पर्याय) बिल्ड करायला सांगा. जीसीसी १२ लागतो, ऑप्टिमायझेशन चालू असावं लागतं. बफर जिथे घेतला तो कम्पायलरला त्याच फंक्शनात दिसत असेल तर असं रीड पहिल्या फटक्यात थांबतं. बफर क्लासच्या मेंबरमध्ये ठेवून दुसरीकडून वापरला असेल तर बहुधा नाही.

---

रास्ता_पेठ_रजिस्टर

याच धाटणीचं एसटीएम३२एच७ या मायक्रोकंट्रोलरवर. यूआरटी (सिरियल पोर्ट) डीएमएने (कोअरला वगळून थेट मेमरीत लिहिणारं हार्डवेअर) घेतो, बफरच्या शेजारचा ग्लोबल काउंटर मधूनच जुन्या किमतीवर जातो. डीडब्ल्यूटीचा (चिपमधलं डीबग युनिट) वॉचपॉइंट पेटत नाही. डीएमएची लांबी तपासली, बरोबर आहे.

---

नल_स्टॉप

डीडब्ल्यूटी फक्त कोअरचं लिखाण बघतो, डीएमएचं नाही. एमपीयूसुद्धा (मेमरीच्या भागांना नियम लावणारं युनिट) कोअरपुरताच. पण 'जुन्या किमतीवर' म्हणताय, तेव्हा माझा संशय डीएमएवर नाही, कॅशवर आहे.

कॉर्टेक्स-एम७ ची डी-कॅश लाइन ३२ बाइटांची. डीएमए संपल्यावर तुम्ही बफर इनव्हॅलिडेट करता (कॅशमधली प्रत टाकून देता). बफर ३२ च्या सीमेवर सुरू होत नसेल किंवा त्याची लांबी ३२ च्या पटीत नसेल तर टोकाच्या लाइनमध्ये शेजारचा काउंटरही बसलेला असतो. त्याची नवी किंमत कॅशमध्येच असते, रॅमपर्यंत पोहोचलेली नसते. इनव्हॅलिडेट झालं की ती गेली आणि रॅममधली जुनी परत आली. कोणी लिहिलंच नाही, मग वॉचपॉइंट पेटणार कसा?

बफर ३२ वर अलाइन करा आणि लांबी वर ३२ च्या पटीत न्या, दोन्ही. नुसतं अलाइन केलं तर शेपटीकडचा शेजारी तसाच सापडतो. किंवा डीएमएचे सगळे बफर लिंकर स्क्रिप्टमध्ये वेगळ्या सेक्शनमध्ये टाकून तो भाग एमपीयूने नॉन-कॅशेबल करा. डीटीसीएममध्ये (कोअरला थेट जोडलेली रॅम) हलवायचा मोह होईल, तिथे कॅशचा प्रश्न नाही, पण एच७ वर डीएमए१ आणि डीएमए२ तिथवर पोहोचतच नाहीत. खात्री करायची तर डी-कॅश पूर्ण बंद करून चालवा. काउंटर शहाण्यासारखा वागला तर हेच.